सव्वा सेकंदाच्या गाण्यापलीकडे

मार्च २०१३मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एका बँडचा कार्यक्रम ठरला होता. किथ हॅरिसन हा मातीकामातला कलावंत तेव्हा संग्रहालयाचा पाहुणा कलावंत होता. त्याने माती वापरून स्पीकरांची एक भलीथोरली रचना योजली होती. बँडने पूर्ण ताकदीने वाजवायचं आणि त्या आवाजाने मातीला तडे कसे जातात, ती कशी ढासळते हे लोकांनी पाहायचं, अशी कल्पना. कार्यक्रम तोंडावर आलेला असताना संग्रहालयाने तो रद्द केला. एवढ्या आवाजाने इमारतीलाच इजा होईल, अशी भीती त्यांना वाटली. मातीला तडे जावेत हा हेतू होताच. शंभराहून अधिक वर्षं उभ्या असलेल्या भिंतींना जावेत, हा नव्हता. शेवटी त्याच वर्षी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बेक्सहिल गावी, डी ला वॉर पॅव्हिलियनमध्ये तो प्रयोग पार पडला.

बँडचं नाव नेपाम डेथ. व्हिएतनामच्या गावांवर पडलेल्या, अंगाला चिकटून जळणाऱ्या त्या दारूगोळ्याचं नाव लावून फिरणारी ही मंडळी. एक्स्ट्रीम मेटल नावाच्या संगीताशी ज्यांचा दुरूनही संबंध नाही, अशांनाही या बँडबद्दल एक गोष्ट कधीतरी कानावर आलेली असते: जगातलं सर्वांत छोटं गाणं यांचं. ‘यू सफर’ हे त्याचं नाव, लांबी १.३१६ सेकंद, आणि गिनेस बुकात त्याची रीतसर नोंद. सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेत शोभावी अशी ही माहिती. या एका नोंदीने बँडचं जेवढं नाव केलं, तेवढंच नुकसानही केलं, असं माझं मत आहे. सव्वा सेकंदाचा विनोद ऐकून लोक हसले आणि पुढे गेले. त्या विनोदाच्या मागे-पुढे चार दशकांचं काम आहे, आणि ते काम हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्री या दोन शहरांच्या मधे मेरिडन नावाचं खेडं आहे. इंग्लंडचा मध्यबिंदू आपल्याच गावात आहे, असं इथले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. मोटारसायकलवेड्यांना मात्र मेरिडन ठाऊक असतं ते ट्रायम्फच्या कारखान्यामुळे. १९७३मध्ये मालकांनी कारखाना बंद करायचं ठरवलं, तेव्हा कामगारांनी आत ठाण मांडलं. पुढे सरकारी कर्जाच्या आधारावर कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिने काही वर्षं गाड्या बनवल्याही. १९८३मध्ये तीही बुडाली. (त्याच ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या आज बजाज आपल्या चाकणमध्ये बनवतं. भांडवलाला गावाचं प्रेम नसतं, हे मेरिडनच्या पोरांनी जरा लवकर पाहिलं.)

या गावात १९८१मध्ये निक बुलन आणि माइल्स रॅटलेज या दोन शाळकरी मुलांनी बँड काढला. मार्गारेट थॅचर सत्तेवर येऊन दोन वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या बेरोजगारांचा आकडा ३० लाखांवर गेला, आणि मोटारी व धातुकामावर जगणाऱ्या बर्मिंगहॅमच्या टापूला त्याची सर्वांत जास्त झळ बसली. अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं इंग्लंडच्या भूमीवर यायची होती, अणुयुद्धाची चर्चा घरोघरी होती. अशा काळात तेरा-चौदा वर्षांची मुलं क्रास या बँडच्या नादी लागली, यात नवल नाही. क्रासची मंडळी एसेक्समधल्या एका जुन्या घरात एकत्र राहायची, स्वतःच्या रेकॉर्ड स्वतःच काढायची, युद्धाविरुद्ध आणि सरकारविरुद्ध लिहायची. त्यांनी होतकरू बँडांच्या टेप मागवून ‘बुलशिट डिटेक्टर’ नावाचे संग्रह काढले. १९८४च्या तिसऱ्या संग्रहात नेपाम डेथचं एक गाणं आहे. रेकॉर्डवर उमटलेला हा त्यांचा पहिला आवाज, आणि तो अजून इतर पंक बँडांसारखाच आहे.

बर्मिंगहॅमला जड संगीताची परंपरा होतीच. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करताना उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावून बसला. त्याने बोटांना टोपणं लावली, तारा सैल केल्या, आणि हेवी मेटलचा तो जाडजूड नाद त्यातून घडत गेला. जुडास प्रीस्टही इथलेच. पण नेपाम डेथच्या पोरांना हा वारसा आयता मिळाला, असं मानायला मी तयार नाही. त्यांचे कान दुसरीकडे होते. स्टोक-ऑन-ट्रेंटचा डिस्चार्ज, स्वित्झर्लंडचा सेल्टिक फ्रॉस्ट, न्यूयॉर्कचा स्वान्स, मॅसॅच्युसेट्समधला सीज, मिशिगनमधला रिपल्शन. यातल्या शेवटच्या दोघांच्या तर धड रेकॉर्डही निघालेल्या नव्हत्या. त्यांचं संगीत कॅसेटवरून कॅसेटवर उतरत, पाकिटांतून देशोदेशी जात होतं. अनोळखी माणसाला पत्र लिहायचं, आपल्याकडची टेप पाठवायची, त्याच्याकडची मागवायची. दहाव्या प्रतीवर खरखर इतकी व्हायची, की मूळ आवाज कुठे संपतो आणि टेपचा दोष कुठे सुरू होतो, ते कळू नये. या संगीताच्या ओबडधोबड पोतात त्या खरखरीचाही वाटा असणार, असं मला वाटत आलं आहे.

बर्मिंगहॅमच्या रॅग मार्केट या जुन्या बाजारात बुलनची ओळख जस्टिन ब्रॉड्रिकशी झाली. ब्रॉड्रिक गिटार घेऊन बँडमध्ये आला. पाठोपाठ मिक हॅरिस ड्रम्सवर आला आणि बँडचा वेग बदलला. स्पार्कहिल भागात मरमेड नावाचा पब होता. त्याच्या वरच्या खोलीत पंक आणि मेटल ऐकणारी पोरं जमायची. एरवी या दोन गटांचं एकमेकांशी पटत नसे. पंकवाल्यांना मेटल म्हणजे राक्षसांच्या गोष्टी सांगणारे लांबकेशी नमुने वाटत, मेटलवाल्यांना पंक म्हणजे वाजवता न येणारी टाळकी. मरमेडच्या त्या खोलीत दोघांनाही सारखंच हलवणारं काहीतरी तयार होत होतं.

ऑगस्ट १९८६मध्ये बुलन, ब्रॉड्रिक आणि हॅरिस बर्मिंगहॅमच्या रिच बिच स्टुडिओत गेले. तिघेही विशीच्या आतले. खर्च पन्नासेक पौंड. त्यांनी १२ गाणी वाजवली, आणि तयार टेप तशीच पडून राहिली. मग बँड फुटला. ब्रॉड्रिक दुसऱ्या बँडमध्ये गेला, पाठोपाठ बुलनही बाहेर पडला. उरला एकटा हॅरिस. त्याने कॉव्हेंट्रीचा ली डोरियन गायला घेतला, कारकस बँडमधून बिल स्टीअरला गिटारवर आणलं, जिम व्हाइटलीला बेस दिला, आणि मे १९८७मध्ये आणखी १६ गाणी ध्वनिमुद्रित केली. नॉटिंगहॅमच्या डिग्बी पिअर्सनने घरातून सुरू केलेल्या इअरेक रेकॉर्ड्सने दोन्ही टेपा एकत्र केल्या: पहिली एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला. जुलै १९८७मध्ये ‘स्कम’ बाजारात आला. एकाच रेकॉर्डच्या दोन बाजू, आणि दोन्हीकडे आहे असा माणूस एकच. तोही मागे बसलेला ड्रमवाला.

तो मागे बसून काय करत होता, हे सांगायला हवं, कारण सगळी उलथापालथ तिथे आहे. रॉकमध्ये पायाचा मोठा ड्रम आणि हाताचा स्नेअर आलटून पालटून वाजतात, त्यातून डुलायला जागा मिळते. हॅरिसने हे आलटणं इतकं जलद केलं, की दोन ठोक्यांमधली फटच नाहीशी झाली. ऐकणाऱ्याला वेगळे ठोके ऐकू येत नाहीत, सलग थरथर ऐकू येते. याला ब्लास्ट बीट म्हणतात. ही युक्ती हॅरिसने शून्यातून काढलेली नाही. सीज आणि रिपल्शन या बँडांमध्ये ती सापडते, आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. पण तिला नाव मिळालं, ती एका संपूर्ण प्रकाराचा कणा झाली, ती हॅरिसमुळे. ग्राइंडकोर हे त्या प्रकाराचं नावही त्याच्याच नावावर जमा आहे. आज नॉर्वेपासून ब्राझीलपर्यंत जो कुणी ड्रमवाला जोराने धावतो, तो या रस्त्यावरून धावतो.

वेगामुळे आणखी एक गोष्ट आपोआप घडली. एवढ्या जोराने फार वेळ वाजवता येत नाही, म्हणून गाणी आखडली. मिनिटभर, अर्धा मिनिट, दहा सेकंद. ‘यू सफर’ हे या आखडण्याचं टोक. त्यात चार शब्दांचा एक प्रश्न आहे, कष्ट सोसणाऱ्या माणसाला विचारलेला. पोरांनी तो गंमत म्हणून केला यात शंका नाही. पण त्याच बाजूला ‘मल्टिनॅशनल कॉर्पोरेशन्स’ या नावाचा तुकडाही आहे, आणि मुखपृष्ठावर कारकसच्या जेफ वॉकरने काढलेलं चित्र आहे: सूटबूटातले साहेब, उपाशी माणसं, कवट्यांचा ढीग आणि नामांकित कंपन्यांची बोधचिन्हं. हा अल्बम आला तेव्हा भोपाळला जेमतेम अडीच वर्षं होत होती. बँडच्या मनात भोपाळ होतं, असा माझा दावा नाही. पण आपल्याकडच्या माणसाने ते मुखपृष्ठ पाहिलं, तर त्याला भोपाळ आठवल्याशिवाय राहणार नाही.

शब्द कळत नाहीत, ही या संगीतावरची सर्वांत जुनी तक्रार. ती खरी आहे. डोरियनचं गुरगुरणं ऐकून गाणं कोणत्या भाषेत आहे, हेही सांगता येणार नाही. पण हे शब्द पाकिटावर छापलेले असत आणि ऐकणारी पोरं ते वाचत. प्राण्यांवरचे प्रयोग, पुरुषी दांडगाई, वंशद्वेष, नोकरीत मोडणारा माणूस असे विषय. गळ्यातून येतो तो राग आणि कागदावर येतं ते त्या रागाचं कारण, अशी वाटणी झालेली होती. या शैलीत पुढे आलेल्या शेकडो बँडांनी गुरगुरणं घेतलं आणि कारण सोडून दिलं.

हे सगळं मरमेडच्या खोलीतच राहिलं असतं, पण जॉन पील आडवा आला. बीबीसीच्या रेडिओ वनवर रात्री उशिरा लागणारा त्याचा कार्यक्रम म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्या विक्षिप्त संगीताचं हक्काचं दार. पीलने ‘स्कम’ लावला. १९८७मध्ये बँडला स्टुडिओत बोलावलं. इतर बँड चार गाणी वाजवून जात, तिथे यांनी मोजक्या मिनिटांत डझनभर वाजवली. परवाना शुल्कावर चालणाऱ्या सार्वजनिक रेडिओने हा आवाज देशभर पोहोचवला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. १९८८चा दुसरा अल्बम ‘फ्रॉम एन्स्लेव्हमेंट टु ऑब्लिटरेशन’ ब्रिटनच्या स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. शेन एम्बरी हा बेसवादक याच अल्बमपासून ऐकू येतो. पुढच्या वर्षी बीबीसीच्या ‘अरीना’ या प्रतिष्ठित माहितीपट मालिकेत बँड दिसला. घराघरांतल्या दिवाणखान्यांत एक केसाळ पोरगा गुरगुरत होता आणि इंग्लिश कुटुंबं जेवता जेवता थबकली असणार.

आणि नेमक्या याच वेळी बँड पुन्हा फुटला.

१९८९च्या जपान दौऱ्यानंतर डोरियन आणि स्टीअर दोघेही बाहेर पडले. १९९१मध्ये हॅरिसही गेला. म्हणजे ‘स्कम’ वाजवणाऱ्यांपैकी एकही जण नेपाम डेथमध्ये राहिला नाही. नाव मात्र चालू राहिलं. तमाशाचा फड मूळ मालक गेल्यावरही नाव राखून उभा राहतो, तसंच काहीसं. पण बाहेर पडलेल्यांनी काय केलं हे पाहिलं, की हे फुटणंच या बँडचं सर्वांत मोठं योगदान ठरतं. एकानेही नेपाम डेथची नक्कल केली नाही. ब्रॉड्रिकने गॉडफ्लेश काढला. ड्रमवाल्याच्या जागी यंत्र, आणि कारखान्याच्या भोंग्यासारखी संथ, जड गिटार. १९८९चा त्यांचा ‘स्ट्रीटक्लीनर’ ऐकताना त्याच काळातलं बर्मिंगहॅम अंगावर येतं. स्टीअर कारकसमध्ये परतला. शवविच्छेदनाच्या पाठ्यपुस्तकातून शब्द उचलणारा हा शाकाहारी पोरांचा बँड १९९३च्या ‘हार्टवर्क’पर्यंत इतका सुरेल झाला, की त्यातून मधुर डेथ मेटलची एक पूर्ण शाखा फुटली. डोरियनने उलटी दिशा धरली. कथीड्रल या बँडमध्ये त्याने वेग पार सोडला आणि १९९१मध्ये ‘फॉरेस्ट ऑफ इक्विलिब्रियम’ हा गोगलगाईच्या चालीचा अल्बम केला. त्याची राइझ अबव्ह ही रेकॉर्ड कंपनी संथ मेटलचं माहेरघर ठरली. हॅरिसने बुलनला पुन्हा गाठून स्कॉर्न हा बँड काढला, आणि हळूहळू तो गिटारमुक्त, खोल बेसच्या अंधाऱ्या डबकडे वळला. न्यूयॉर्कचा जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्न आणि बेसवादक बिल लॅसवेल यांच्याबरोबर त्याने पेनकिलर हे त्रिकूटही जमवलं. इंडस्ट्रिअल मेटल, संथ डूम मेटल, मधुर डेथ मेटल, डब. एका अल्बमच्या दोन बाजूंवर भेटलेली पाच-सहा पोरं एवढ्या दिशांना गेली. रॉकच्या इतिहासात याला तोड मला तरी आठवत नाही.

इकडे नावाची राखण एम्बरीने केली. बेनेडिक्शन बँडमधला मार्क ग्रीनवे गायक म्हणून आला. सगळे त्याला बार्नी म्हणतात. गिटारवर दोन अमेरिकन आले, लॉस एंजेलिसच्या टेररायझरमधला जेसी पिन्टाडो आणि मिच हॅरिस. आधीच्या हॅरिसशी त्याचं नातं नाही. पुढे मिक हॅरिसच्या जागी डॅनी हेरेरा आला, तोही अमेरिकन. त्याआधी, १९९०मध्ये, मिक हॅरिस अजून ड्रम्सवर असतानाच हे लोक फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरी मॉरिसाउंड स्टुडिओत गेले. तेव्हा सगळं डेथ मेटल तिथल्या स्कॉट बर्न्सच्या हातून निघत होतं. ‘हार्मनी करप्शन’ हा अल्बम तिथेच झाला. जुने चाहते भडकले: गाणी लांबली, आवाज गुळगुळीत झाला, पंक गेलं. थोडं तथ्य आहे त्यात. तरी हा अल्बम मला आज जास्त आवडतो, कारण बार्नीचा गळा इथे पहिल्यांदा पूर्ण उघडतो. लांब पल्ल्याला पुरेल असा तो गळा आहे, हे इथेच कळतं.

नव्वदचं दशक बँडसाठी विचित्र गेलं. इअरेक आणि कोलंबिया यांच्यात करार झाला आणि नेपाम डेथ अमेरिकेत त्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या शिक्क्याखाली विकला जाऊ लागला. ‘मल्टिनॅशनल कॉर्पोरेशन्स’ ज्यांच्या पहिल्या अल्बमवर होतं, तेच हे. १९९५मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या व्हिडिओ गेमवरच्या चित्रपटाच्या संगीतसंग्रहात त्यांचं एक गाणं आलं आणि तो संग्रह अमेरिकेत प्लॅटिनम झाला. नेपाम डेथचं गाणं असलेली रेकॉर्ड आपल्या घरात आहे, हे ठाऊकही नसलेले हजारो अमेरिकन मुलगे त्यांना असे मिळाले. कोलंबियाशी मात्र फार काळ जमलं नाही. १९९६मध्ये बार्नीला बँडबाहेर काढलं गेलं. तो एक्स्ट्रीम नॉइझ टेररमध्ये गेला आणि त्यांचा गायक फिल व्हेन इकडे आला. शेजाऱ्यांनी भांडी अदलाबदल करावीत तसा प्रकार, आणि तितकाच अल्पजीवी. वर्षाच्या आत बार्नी परतला. या काळातले अल्बम चोखंदळ चाहते आवडीने उचलून धरतात. मला ते थकलेले वाटतात, हेरेराच्या हातात धार असूनही.

त्या दशकातली एक गोष्ट मात्र आज मागे वळून पाहताना ठळक दिसते. १९९२च्या आसपास नॉर्वेच्या ब्लॅक मेटल पोरांनी लाकडी चर्च जाळायला सुरुवात केली. खून झाले, काही जण उघड वंशद्वेषाकडे गेले. जगभरच्या वृत्तपत्रांना एक्स्ट्रीम मेटल म्हणजे काय, याचं चित्र तिथून मिळालं आणि ते आजही पुसलेलं नाही. त्याच सुमारास, १९९३मध्ये, नेपाम डेथने अमेरिकन पंक बँड डेड केनेडीजचं नाझी पंकांना हाकलून लावणारं गाणं आपल्या पद्धतीने ध्वनिमुद्रित केलं. आजही ते मैफलीत वाजवतात. एकाच संगीतातून दोन पोटजाती निघाल्या: एकीला माणसाचा तिटकारा, दुसरीला माणसाच्या हालांचा. बातम्या पहिलीच्या झाल्या.

इअरेकपासून सुटका झाल्यावर २०००मध्ये आलेल्या अल्बमचं नाव ‘एनिमी ऑफ द म्यूझिक बिझनेस’. कटुता नावातच आहे, पण संगीत पुन्हा जोमात. २००५चा ‘द कोड इज रेड... लाँग लिव्ह द कोड’ सेंच्युरी मीडियाने काढला. पिन्टाडो तोवर बँड सोडून गेला होता, आणि ऑगस्ट २००६मध्ये वयाच्या ३७व्या वर्षी तो वारला. बार्नी, एम्बरी, हेरेरा आणि मिच हॅरिस हे चौघे राहिले. पुढची पंधरा वर्षं त्यांनी जे केलं, त्याला तोड नाही. बहुतेक बँड पन्नाशीकडे झुकताना तरुणपणची गाणी वाजवत फिरतात. हे चौघे दर काही वर्षांनी आधीपेक्षा धारदार अल्बम काढत गेले. २०१२च्या ‘युटिलिटेरियन’मध्ये एका गाण्यात जॉन झॉर्नचा सॅक्सोफोन अचानक डरकाळी फोडतो. तो भाग ऐकून अनेकांना आपल्या यंत्रात बिघाड झाला, असं वाटलं असणार.

आणि मग राणा प्लाझा. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथली आठ मजली इमारत कोसळली. तिथे पाश्चात्त्य दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरी कामगारांना दुसऱ्या दिवशी आत बोलावलं गेलं. १,१३४ माणसं मेली, त्यांत शिवणकाम करणाऱ्या बायका बहुसंख्य. बार्नीने या दुर्घटनेवरून जानेवारी २०१५मध्ये आलेल्या ‘एपेक्स प्रिडेटर – ईझी मीट’ची मांडणी केली. साखळीच्या टोकाला बसलेला खाणारा आणि सहज हाती लागणारं मांस. मुखपृष्ठावर दुकानातल्या पाकीटबंद मांसाचं चित्र आहे. पहिलंच गाणं संथ आहे, मंत्र पुटपुटल्यासारखं, आणि मग दुसऱ्या गाण्याला धरण फुटतं. ‘स्कम’च्या वेळी राग सगळ्या कंपन्यांवर, सगळ्या व्यवस्थेवर होता, वीस वर्षांच्या मुलाचा असतो तसा. इथे रागाला इमारत आहे, तारीख आहे, शिलाईच्या मजुरीचा दर आहे. याच कारणासाठी नेपाम डेथचा हा सर्वश्रेष्ठ अल्बम, असं मी म्हणेन. पहिला अल्बम इतिहासासाठी मोठा, हा ऐकण्यासाठी मोठा.

त्याच वर्षी एक वेगळीच गोष्ट घडली. इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष जोको विडोडो हे मेटलचे नादी, त्यातही नेपाम डेथचे चाहते. बँडचा टी-शर्ट घातलेलं त्यांचं छायाचित्रही आहे. जकार्ताचे गव्हर्नर असताना त्यांना मेटालिकाच्या बेसवादकाचं एक बेस गिटार भेट मिळालं होतं, ते त्यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे जमा केलं. ऑक्टोबर २०१४मध्ये ते अध्यक्ष झाले, तेव्हा मेटलवाल्यांना आपलाच माणूस खुर्चीवर बसल्याचा आनंद झाला. आणि लगेचच त्यांनी अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत फाशीची शिक्षा झालेल्यांच्या दयायाचना फेटाळायला सुरुवात केली. बार्नीने त्यांना जाहीर पत्र लिहून अँड्र्यू चॅन आणि मयुरन सुकुमारन या दोन ऑस्ट्रेलियन कैद्यांचे प्राण वाचवण्याची विनंती केली. माझे शब्द तुम्हाला आवडत असतील तर त्यांचा अर्थही घ्या, असा त्या पत्राचा सूर होता. २९ एप्रिल २०१५ रोजी आठ कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांत हे दोघेही होते. चाहत्याने गाणी ऐकली होती, शब्द वाचले नव्हते.

चाहता अध्यक्ष असो की कॉलेजातला मुलगा, हा धोका या संगीताला कायमच आहे. नुसता आवाज आवडतो आणि तेवढ्यावर भागतं. आपल्याकडेही फार वेगळं झालं नाही. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकला जमणारी गर्दी मेटलवर डोकी हलवायची. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, परिसर शांतता क्षेत्रात पडला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. २०००मध्ये मुंबईत डिमॉनिक रेझरेक्शन सुरू झाला, २००७मध्ये गटस्लिट. गटस्लिटच्या संगीतात ग्राइंडकोरची नाळ स्पष्ट ऐकू येते. हे लोक युरोपात जाऊन वाजवून आले. ड्रमवाल्याचा ब्लास्ट बीट मेरिडनच्या वंशावळीतला आहे. मात्र या शहराबद्दल, त्याच्या गिरण्या, झोपड्या, पुनर्विकास, पाणीकपात यांबद्दल त्या वेगात कुणी गायलेलं मला अजून ऐकायचं आहे. मराठीतून तर नाहीच. आपल्याकडे राग कमी नाही. दलित पँथरच्या कवितेने जी भाषा वापरली, तिला हा वेग सहज पेलला असता. कुणी पेलवून दाखवला नाही एवढंच.

मैफलीत बार्नीला पाहणं हा वेगळाच अनुभव. गाणं सुरू असताना तो रंगमंचभर सैरावैरा धावतो, अंगात आल्यासारखा हातवारे करतो. गाणं संपलं, की शांतपणे, बर्मिंगहॅमच्या त्या सपाट हेलात, पुढच्या गाण्याचा विषय समजावून सांगतो. निर्वासित, माणसाची प्रतिष्ठा, धर्माने केलेली दडपणूक. मिनिटभर वर्गात बसल्यासारखं वाटतं, आणि लगेच पुन्हा तो कोसळणारा आवाज. काही समीक्षकांना हे प्रवचन वाटतं. असेल. पण दोन हजार दारू प्यायलेल्या पुरुषांच्या गर्दीसमोर उभं राहून त्यांना माणसाशी सभ्यपणे वागायला सांगणं, आणि ते तीस वर्षं न कंटाळता करणं, याला धैर्य लागतं. ‘थ्रोज ऑफ जॉय इन द जॉज ऑफ डिफीटिझम’ हा अल्बम २०२०मध्ये आला, महामारीच्या ऐन मध्यात. त्यात वेग आहेच, पण थंड, पोस्ट-पंक धाटणीची, जवळजवळ गुणगुणता येतील अशी गाणीही आहेत. मिच हॅरिस आता दौऱ्यांवर जात नाही, त्याच्या जागी जॉन कुक वाजवतो. बार्नी, एम्बरी आणि हेरेरा यांची वयं आता पन्नाशी ओलांडून पुढे गेली आहेत, आणि दौरे चालूच आहेत.

एक सांगून थांबतो. कुतूहल वाटलं, तर ‘यू सफर’पासून सुरुवात करू नका, ‘स्कम’पासूनही नको. ‘एपेक्स प्रिडेटर – ईझी मीट’ लावा, तोही शब्द समोर उघडून. पहिली दहा मिनिटं सोसवणार नाहीत. ती जाऊ द्या. मग हवं तर मागे जाऊन १९८६च्या त्या पन्नास पौंडांच्या टेपकडे वळा. आणि शेजाऱ्यांचा विचार करून हेडफोन लावा.